‘जात नाही’ म्हणणारा मुलगा



आजच्या शुभवर्तमानात (मत्तय २१:२८-३२) प्रभू येशू दोन मुलांचा दाखला सांगतो. बाप पहिल्या मुलाकडे जातो आणि आज द्राक्षमळ्यात काम कर म्हणून सांगतो. मुलगा तोंडावर नकार देतो, पण मागाहून त्याचे मन पालटते आणि तो कामाला जातो. दुसरा मुलगा अदबीने हो म्हणतो आणि मळ्याकडे फिरकतही नाही. मग येशू मुख्य याजकांना व वडीलजनांना विचारतो की बापाच्या इच्छेप्रमाणे कोण वागला, आणि निकाल त्यांच्याच तोंडून वदवून घेतो.

तीन वर्षांनी एकदा हा दाखला रविवारच्या उपासनेत येतो. दर वेळी आपण दोन मुलांचा विचार करतो. आज थोडे बापाकडे पाहू या. मुलाने नाही म्हटल्यावर बापाने काय केले? शुभवर्तमानकार त्याविषयी काहीच सांगत नाही. बाप ओरडला नाही, गावभर बोभाटा केला नाही, वाटणीतून तुझे नाव काढतो अशी धमकी दिली नाही. तो दुसऱ्या मुलाकडे गेला, एवढेच लिहिले आहे. मुलाचा नकार त्याने ऐकून घेतला आणि तसाच राहू दिला. मुलाला मन पालटायला जी सवड मिळाली, ती ह्या शांततेमुळे मिळाली असे आम्हांला वाटते. बापाने तिथेच भांडण उकरून काढले असते, तर मुलगा आपल्या नकाराला चिकटून बसला असता. आपल्या घरांतून हे आपण रोजच पाहतो.

काम सांगणारा आणि काम करणारा ह्यांच्यामध्ये जे घडते, त्याविषयी आज बोलायचे आहे. आपल्या धर्मग्रामात हा विषय कुणालाच परका नाही. आपल्यातला एखादा भाऊ सकाळी मिरचीच्या वाडीत मजूर लावून देतो, तेव्हा तो मालक असतो. नऊच्या पाळीला तोच बोईसरच्या कारखान्यात पोचतो, तेव्हा ठेकेदाराचा माणूस असतो. वाडीत उभा असताना तो म्हणतो, हल्ली माणसे कामचुकार झाली. कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडताना म्हणतो, साहेबाला माणुसकी नाही. दोन्ही वाक्ये एकाच दिवसात एकाच तोंडातून येतात, आणि ती एकमेकांशेजारी ठेवून पाहावीत असे त्याला कधी वाटत नाही.

आवणीच्या दिवसांतली गोष्ट घ्या. चार बाया येणार होत्या, तीनच आल्या. मालक म्हणतो, दांडी मारली, पुन्हा हिला बोलवायचे नाही. तिच्या घरी जाऊन विचारले तर कळते की मूल तापाने फणफणले होते, किंवा मागच्या आठवड्याची मजुरी पुढच्या बाजाराला देतो म्हणून राहिली होती आणि बाजार होऊन गेला होता. ती तसे सांगायला आली नाही, कारण सांगून काय होते हे तिला अनुभवाने ठाऊक आहे. गैरहजेरी एकच, मालकाच्या हिशेबात ती आळस आणि तिच्या हिशेबात ती नाइलाज. कधी कधी तो आळसही असतो, हे नाकारायचे कारण नाही. पण मालक चौकशी करण्याआधीच निकाल देतो, तिथे खरी गोम आहे.

पवित्र शास्त्रात हा निकाल प्रथम फारोच्या तोंडी येतो. निर्गमाचा पाचवा अध्याय ह्या आठवड्यात घरी अवश्य वाचा. इस्राएली लोक मिसरात विटा पाडत होते. मोशे आणि अहरोन फारोकडे गेले आणि परमेश्वराचा सण पाळण्यासाठी लोकांना तीन दिवसांच्या वाटेवर रानात जाऊ दे, अशी विनंती त्यांनी केली. फारोने त्या विनंतीचा अर्थ एका क्षणात लावला: हे लोक आळशी आहेत, रिकामे आहेत, म्हणून ह्यांना देव आठवतो. त्याने हुकूम काढला की उद्यापासून गवताचा भुसा सरकार देणार नाही, तो लोकांनीच गोळा करावा, विटांचा आकडा मात्र तेवढाच राहावा. लोक भुशासाठी देशभर फिरू लागले. आकडा भरेना. मग मार कुणाला बसला? इस्राएली मुकादमांना. ते फारोकडे गाऱ्हाणे घेऊन गेले, तेव्हा त्यांनाही तेच उत्तर मिळाले, तुम्ही आळशी आहात. आणि बाहेर पडल्यावर हे मुकादम कुणावर चिडले, ते पाहा. फारोवर नव्हे, मोशेवर! वरून दाब, खालून ओरड, आणि राग मात्र ज्याने तोंड उघडले त्याच्यावर. आपल्यातले जे कुणी सुपरवायझर, मुकादम किंवा फोरमन आहेत, त्यांना हा अध्याय समजावून सांगायची गरज नाही.

विटांचा उल्लेख आपल्या जिल्ह्यात वाचताना मन थोडे थबकते. दिवाळी झाली की आपल्या आजूबाजूच्या पाड्यांवरची कुटुंबेच्या कुटुंबे उचल घेऊन वसई, भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. हजार विटांमागे दर ठरलेला असतो, आणि उचलीचा आकडा मालकाच्या वहीत असतो. हंगामाच्या मध्येच कुणी निघून आला तर तो पळाला असे म्हणतात. ‘पळाला’ हा शब्द आपणही सहज वापरतो. कामावरून माणूस सुटी घेतो, राजीनामा देतो, काम सोडतो. पळतो तो कैदी. हा शब्द कुठून आला हे समजण्यासाठी आपल्याच मातीचा इतिहास थोडा उलगडावा लागेल.

पालघर जिल्हा २०१४ साली झाला. त्यापूर्वी आपण ठाणे जिल्ह्यात होतो, आणि इंग्रजांच्या काळात डहाणू व उंबरगाव हे तालुके जंगलपट्टीचे म्हणून ओळखले जात. इथल्या वारल्यांच्या जमिनी सावकार आणि जमीनदारांकडे गेल्या होत्या. ज्या जमिनीवर पूर्वी वारली स्वतःसाठी राबत होता, तिथेच तो कूळ म्हणून राबू लागला, आणि कुळाने जमीनदाराची वेठ करावी हा रिवाज होता. वेठ म्हणजे बोलावतील तेव्हा आणि बोलावतील तितके दिवस फुकट किंवा नाममात्र मोबदल्यात काम. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घेतले की तो तरुण ‘लग्नगडी’ व्हायचा. कर्ज फिटेपर्यंत नवराबायकोने सावकाराकडे राबायचे, आणि कर्ज काही फिटायचे नाही. हे केवळ चळवळीतल्या लोकांनी लिहिलेले नाही. मुंबई सरकारचेच अधिकारी डी. सिमिंग्टन ह्यांचा आदिवासी भागांविषयीचा अहवाल १९३९ साली प्रसिद्ध झाला. वेठीला नकार देणाऱ्याला किंवा नुसती टाळाटाळ करणाऱ्याला मारहाण होते, हे त्यात नोंदलेले आहे.

टाळाटाळ हा शब्द लक्षात ठेवा. ज्याला उघड नाही म्हणण्याची सोय नाही, तो टाळाटाळ करतो. हळू चालतो, उशिरा येतो, ऐकू आले नाही असे दाखवतो, आजारी पडतो. मालकांच्या ओट्यावर ह्यालाच वारली आळशी, वारली दारुडा, वारली फटक्याशिवाय हलत नाही असे म्हणत. एका पूर्ण समाजाच्या अंगाला ही चिठ्ठी चिकटवली गेली, आणि दुःखाची गोष्ट अशी की ती अजून पूर्ण निघालेली नाही. आपल्या चर्चच्या अंगणातही ती कधी कधी ऐकू येते.

मग १९४५ साल उजाडले. शामराव आणि गोदावरी परुळेकर हे किसान सभेचे कार्यकर्ते ह्या भागात आले. २३ मे १९४५ रोजी तलासरीकडच्या झरी गावी वारल्यांची मोठी परिषद भरली. हजारो लोक पायी आले होते. तिथे ठरले की यापुढे वेठ करायची नाही आणि रोजी बारा आणे मिळाल्याखेरीज जमीनदाराच्या शेतावर कामाला जायचे नाही. जे आजवर टाळाटाळीतून व्यक्त होत होते, ते पहिल्यांदा स्पष्ट शब्दांत आले. आश्चर्य वाटावे अशी गोष्ट ही की काम करणार नाही असे ते म्हणाले नाहीत. काम करू, पण मजुरी द्या आणि मारू नका, एवढेच त्यांचे म्हणणे होते. पावसाळ्यानंतर गवतकापणीचा हंगाम आला. मुंबईच्या तबेल्यांसाठी इथून गवत जात असे. पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये मिळावेत अशी मागणी पुढे आली आणि वारल्यांनी विळे खाली ठेवले.

जमीनदारांनी आणि सरकारने ह्या नकाराचे वाचन कसे केले? बंड. दंगल. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला वारली मोठ्या संख्येने जमले होते. गोदावरीबाईंनी पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ह्या पुस्तकात ह्याची हकिकत लिहिली. त्यांच्या जिवाला धोका आहे अशी हूल वारल्यांमध्ये उठवण्यात आली, म्हणून लोक धावून आले. आणि वारली हिंसा करायला जमले आहेत असे सरकारला कळवण्यात आले. पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि इतर चौघे ठार झाले. हातात विळा किंवा काठी घेऊन आपल्या माणसाच्या रक्षणासाठी आलेला वारली समोरच्याला हल्लेखोर दिसला, कारण तो तसा दिसणार हे आधीच ठरले होते.

परुळेकर दांपत्य कम्युनिस्ट होते. त्यांचे सर्व विचार आपल्याला मान्य होणार नाहीत. पण वेठ थांबली हे सत्य आहे, आणि ती थांबावी हे देवाच्या मनात होते ह्याविषयी निर्गमाचे पुस्तक वाचणाऱ्याला शंका येऊ नये. द्राक्षमळ्यात कुणी नाही म्हणत पोचतो आणि कुणी हो म्हणत घरीच बसतो, हाच तर आजचा दाखला आहे. येशूने हे सांगितले ते देवाचे नाव रोज घेणाऱ्यांना, हे विसरून चालणार नाही.

आता ख्रिस्तसभेच्या घरातली एक गोष्ट. प्रेषितांची कृत्ये, अध्याय सहावा. यरुशलेमच्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्यांनी कुरकुर सुरू केली की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते. प्रेषितांना सहज म्हणता आले असते की पाहा, फुकट मिळते तरी समाधान नाही. किंवा आम्ही प्रभूने निवडलेले, आमच्या कारभारावर बोट ठेवणारे तुम्ही कोण? त्यांनी सर्वांना बोलावले. तुमच्यातूनच सात माणसे निवडा म्हणाले. निवडलेल्या सातांची नावे पाहिली तर ती सगळी ग्रीक आहेत: स्तेफन, फिलिप, प्रखर आणि पुढचे. म्हणजे ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्याच हाती वाटपाचे काम दिले गेले. कुरकुर ऐकून प्रेषितांना कळले की वाटपात एक भोक आहे, आणि त्यांनी ते बुजवले.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठवासीयांसाठी नियमावली लिहिली. तिच्या ६८ व्या प्रकरणाचा विषयच हा आहे: एखाद्या बंधूला अशक्य वाटणारे काम सांगितले तर त्याने काय करावे. त्याने ते आधी सौम्यपणे स्वीकारावे. आपल्या ताकदीबाहेरचे आहे असे दिसले, तर योग्य वेळ पाहून, शांतपणे, ताठा न दाखवता वरिष्ठाला कारण सांगावे. त्यानंतरही वरिष्ठ ठाम राहिला तर देवावर भरवसा ठेवून करावे. आज्ञापालनाविषयी बेनेडिक्टइतका कडक संत शोधून सापडणार नाही. तरी ‘मला हे झेपत नाही’ असे समोर येऊन सांगणे त्याने अवज्ञा मानले नाही. मागे बसून केलेल्या कुरकुरीवर मात्र तो वारंवार तुटून पडतो. हे तंतोतंत कारखान्याला किंवा वाडीला लागू करता येणार नाही, कारण मठातला बंधू स्वखुशीने व्रत घेऊन आलेला असतो आणि वीटभट्टीवरचा माणूस पोटासाठी. पण ऐकणाऱ्या वरिष्ठाची जागा त्या नियमात पक्की धरलेली आहे, ती घेण्यासारखी आहे.

हेच कारखान्यातही दिसून आले आहे. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या मॅरियन गावी हारवुड नावाचा पायजमे शिवणारा कारखाना होता. कामाची पद्धत बदलली की कामगार नाराज होत आणि उत्पादन घसरे. लेस्टर कॉच आणि जॉन फ्रेंच ह्या दोघांनी तिथे केलेला प्रयोग १९४८ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला नवी पद्धत फक्त सांगितली. त्यांचे काम घसरले, भांडणे झाली आणि चाळीस दिवसांत शंभरातले सतरा जण काम सोडून गेले. ज्या गटांतल्या सगळ्यांना बदल ठरवतानाच बसवून घेतले, ते लवकर सावरले, पूर्वीपेक्षा जास्त काम करू लागले आणि त्यांतले कुणी सोडून गेले नाही. माणसे त्याच गावची, यंत्रे तीच. आळस कुठे गेला?

पोप संत जॉन पॉल दुसरे तरुणपणी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, क्राकोव शहराजवळ आधी दगडाच्या खाणीत आणि मग सॉल्वे कंपनीच्या रासायनिक कारखान्यात मजूर होते. १४ सप्टेंबर १९८१ रोजी त्यांनी मानवी श्रमावर ‘लाबोरेम एक्झेर्चेन्स’ हे परिपत्रक दिले. काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही, हा त्याचा गाभा. तारापूर एमआयडीसीत काम करणाऱ्या आपल्या भावाबहिणींनी हे ध्यानात घ्यावे की हे विधान आम्लाचा वास ठाऊक असलेल्या माणसाचे आहे. टाकीत उतरण्यापूर्वी आतली हवा तपासली का, असे विचारणाऱ्या कामगाराला कुणी भित्रा किंवा उद्धट म्हणत असेल, तर ते चुकीचे आहे. भोपाळच्या १९८४ सालच्या वायुदुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली, आणि धोकादायक कामात जिवाला धोका दिसल्यास तो लगेच वरिष्ठांच्या नजरेस आणण्याचा हक्क कामगाराला स्पष्ट शब्दांत मिळाला. अशा वेळी थांबणारा हात सोबतच्या दहा जणांना वाचवू शकतो.

पण बंधुभगिनींनो, दुसऱ्या मुलाविषयी बोलल्याशिवाय हे प्रवचन अर्धेच राहील. त्याचा हो किती गोड होता! आपल्याकडे हा मुलगा फार आहे. साहेबांपुढे मान हलवायची, आणि मागे वळताच काम दुसऱ्याच्या गळ्यात घालायचे. हजेरी लावून गायब व्हायचे. यंत्र बिघडले म्हणून सांगायचे आणि ते कुणी बिघडवले ते सांगायचे नाही. वेठीखालच्या वारल्याला उघड बोलायची सोय नव्हती. ज्याला ती आहे, त्याने त्याच्या टाळाटाळीचे वस्त्र पांघरू नये. योनाने निनवेचे काम टाळून उलट्या दिशेचे जहाज पकडले, ते काम जड होते म्हणून नव्हे. निनवेकरांवर देवाने दया करू नये असे त्याला वाटत होते. आपल्याही नकारामागे कधी कधी दुसऱ्याचे भले बघवत नाही, एवढेच असते. त्याला हक्काचे नाव देणे बरे नव्हे.

आणि मालक मंडळी संत पौलाचे ते वचन फार प्रेमाने उच्चारतात, काम न करणाऱ्याने खाऊ नये हे. थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्रात (अध्याय ३) पौल बोलतो ते काम करायची इच्छाच नसलेल्यांविषयी. ज्याला काम मिळत नाही, ज्याचे अंग साथ देत नाही, ज्याची मजुरी अडकली आहे, त्याच्याविषयी नाही. शिवाय ते लिहिणारा पौल रात्रंदिवस स्वतःच्या हातांनी राबत होता. ज्याने आयुष्यात टोपले उचलले नाही त्याने हे वचन दुसऱ्याला सुनावण्यापूर्वी तेवढे पाहावे.

गेथशेमाने बागेत तर आपल्या प्रभूनेच पित्याला सांगितले की हा प्याला टळत असेल तर टळू दे. तीनदा सांगितले, असे मत्तय लिहितो. पुत्राला जे सोपवले होते ते जड होते, आणि ते जड आहे हे पुत्राने लपवले नाही. मग म्हणाला, माझ्या नव्हे, तुझ्या इच्छेप्रमाणे. ह्या रात्रीनंतर, काम जड वाटते असे म्हणणाऱ्याला श्रद्धाहीन ठरवण्याचा अधिकार ख्रिस्ती माणसाला उरला नाही.

भात कापणीला येत आहे, ऑक्टोबरची १० तारीख जवळ आहे, आणि दिवाळीनंतर भट्ट्यांकडे जाणारे टेम्पो पाड्यांवर येऊ लागतील. ह्या दिवसांसाठी काही गोष्टी लघु ख्रिस्ती समूहांच्या बैठकीत बोलाव्यात अशी आमची विनंती आहे. ज्यांच्याकडे कापणीला मजूर येणार आहेत, त्यांनी मागची बाकी आधी चुकती करावी. याकोबाच्या पत्रात (५:४) दाबून ठेवलेली मजुरी देवापाशी आरोळी मारते असे लिहिले आहे, आणि तिथेही प्रसंग शेतकापणीचाच आहे. कुणी आले नाही तर दुसऱ्या दिवशी तिच्या दारात जाऊन का आली नाहीस ते विचारावे, आणि ती सांगेल ते उभ्याउभ्या का होईना ऐकावे. चर्चच्या सणाची व सफाईची कामे वाटतानाही, नाव यादीत घालण्यापूर्वी त्या घरी एकदा विचारून यावे. जे भट्टीवर जाणार आहेत त्यांनी उचलीचा आकडा, हजारी दर आणि परतीचा दिवस स्वतःच्या वहीत लिहून घ्यावा. वाचता येत नसेल तर समूहातल्या शाळेत जाणाऱ्या मुलाला सोबत न्यावे, आणि मालकाची वही त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेतल्याशिवाय अंगठा उठवू नये.